पावसाचा थेंब केवढा? जीपीएम रडार आणि सह्याद्री: प्रकल्प नोंदी

१९ मे २०२४

यंदाच्या पावसाळ्यात एकच काम हातात घेतलंय. अवकाशातल्या, म्हणजे जीपीएम उपग्रहावरच्या, रडारने मोजलेला थेंबांचा आकार महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावर कसा दिसतो आणि खाली मोहोळ-सोलापूरकडच्या कोरड्या पट्ट्यात कसा दिसतो ते बघायचं, आणि त्या आकड्यावर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही ते स्वतः डेटा उघडून ठरवायचं.

पर्जन्यमापक सांगतो किती मिमी पडला, पण ते पाणी कसल्या थेंबांतून आलं ते नाही सांगत. घाटातली दिवसभराची भुरभुर आणि मे महिन्यातला वळीव, दोन्हीचे २० मिमी भरले तरी जमिनीवर आणि रडारवर दोन्ही पूर्ण वेगळे दिसतात. कारण रडारकडे परत येणारी ऊर्जा थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते (थेंब रडारच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान असेल तोवर). म्हणजे ४ मिमीचा एक थेंब रडारला १ मिमीच्या ४०९६ थेंबांइतका दिसतो, पण पाणी त्याच्यात फक्त ६४ थेंबांचं. त्यात पडण्याचा वेग धरा, १ मिमीचा थेंब सेकंदाला साधारण ४ मीटर पडतो आणि ४ मिमीचा जवळपास ८.८, तरीसुद्धा हिशोब केला तर रडारवर अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन ढगांखाली पावसात २९ पटींचा फरक निघू शकतो. खरा पाऊस काही एकाच मापाच्या थेंबांचा नसतो त्यामुळे एवढं टोक गाठत नाही, पण मुद्दा तोच, थेंब केवढे आहेत हे माहीत नसेल तर रडारवरून पाऊस काढणं अर्धवटच राहतं.

१९४८ मध्ये मार्शल आणि पामर यांनी कॅनडात थेंबांच्या मापांचं एक सोपं सूत्र मांडलं, कुठल्या पावसात किती मोठे किती थेंब असतात त्याचं, आणि ते अजून वापरात आहे. पण ते एका ठिकाणच्या पावसावरून आलेलं, सह्याद्रीच्या पावसाने त्या सूत्राप्रमाणे का वागावं?

२ जून २०२४

डेटा कुठला वापरतोय ते लिहून ठेवतो.

उपग्रह: जीपीएम कोअर ऑब्झर्व्हेटरी, नासा आणि जपानच्या जाक्सा यांचा एकत्र. २०१४ च्या फेब्रुवारीच्या शेवटी जपानच्या तानेगाशिमा बेटावरून सोडला. त्याच्यावर डीपीआर नावाचं रडार आहे, दोन बँडचं: केयू म्हणजे १३.६ गिगाहर्ट्झ आणि केए म्हणजे ३५.५ गिगाहर्ट्झ. याच्या आधी टीआरएमएम होता, १९९७ ते २०१५, त्याच्यावर एकच बँड होता. थेंबाचा आकार काढायला दुसरा बँड लागतो, म्हणून सगळं काम जीपीएमवर.

मी घेतलेल्या वर्षांत कक्षा साधारण ४०७ किमीवर, जमिनीवरचा एक पिक्सेल ५ किमीचा, एका फेरीत दिसणारा पट्टा २४५ किमी रुंद. फाइल नासाच्या साइटवर अर्थडेटाचं लॉगिन काढलं की फुकट मिळतात, एचडीएफ५ फॉरमॅट, पायथॉनमध्ये सहज उघडतात. प्रत्येक पिक्सेलखाली १२५ मीटरच्या अंतराने १७६ खाने आहेत, मोजणी वरून खाली, आणि त्यात पाऊस, परावर्तन, डीएम वगैरे सगळं भरलेलं. डीएम म्हणजे पाण्याच्या वजनाच्या हिशोबाने काढलेला थेंबांचा सरासरी व्यास. प्रकल्पाचा हिरो तोच.

वर्षं कुठली घ्यायची यावर बराच विचार केला. २१ मे २०१८ च्या आधी केए बँडचा पट्टा फक्त १२० किमी होता, त्या दिवशी स्कॅनची पद्धत बदलली आणि दोन्ही बँड पूर्ण २४५ किमीवर जुळायला लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये उपग्रहाचं आयुष्य वाढवायला कक्षा ४३५ किमीपर्यंत उचलली, त्यामुळे पिक्सेलही थोडा मोठा झाला. म्हणून २०१८ ते २०२३, जून ते सप्टेंबर, असे सहा पावसाळे घेतोय. उंची तीच, स्कॅन तोच, तुलना स्वच्छ.

९ जून २०२४

पाऊस आला. डेटा डाउनलोड होतोय तोवर जमिनीवरची बाजू.

महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची उंचावरची ढग प्रयोगशाळा आहे, २०१२ पासून, तिथे जॉस-वाल्डफोगेल प्रकारचा डिस्ड्रोमीटर, म्हणजे थेंबांची मापं घेणारं यंत्र, चालतो. थेंब त्याच्या डोक्यावर आपटतो, आपटण्याच्या जोरावरून व्यास काढतात. त्यांचे पेपर आहेतच आणि आपली तुलना शेवटी त्यांच्याशीच करायची. पण मला थेंब हातात घेऊन बघायचे होते.

त्याची एक जुनी पद्धत सापडली आणि मी प्रेमातच पडलो. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटले, बर्फाच्या स्फटिकांचे फोटो काढणारा म्हणून प्रसिद्ध, त्याने १९०४ मध्ये पावसाच्या थेंबांवर लेख लिहिला. थाळीत सैलसर पीठ पसरायचं, काही क्षण पावसात धरायचं, प्रत्येक थेंबाची एक गोळी होते, वाळली की मोजायची. शिकलेला घरीच, शेती करत करत, आणि रडार यायच्या कितीतरी आधी वेगवेगळ्या पावसांतल्या थेंबांची मापं त्याने गोळा करून ठेवली.

गोळीवरून थेंबाचं माप कळायला आधी माहीत असलेल्या मापाचा थेंब पाहिजे. ताई नर्स आहे, तिला विचारलं तर म्हणाली, "अरे सलाईनचा सेट घे ना, साध्या सेटला मिलीलिटरला २० थेंब असतात आणि मायक्रोला ६०." इतकं साधं! २० थेंबांचा १ मिली म्हणजे एक थेंब ०.०५ मिली, गोल धरला तर व्यास ४.६ मिमी. ६० वाला ३.२ मिमी. दोन्ही सेट जिन्यातून वरच्या मजल्यावरून खाली मैद्याच्या परातीत सोडले, मैदा एक इंच जाड, पट्टीने वरून सपाट केलेला पण दाबलेला नाही. गोळ्या उन्हात वाळवून चाळल्या आणि पट्टी ठेवून मोजल्या. माप थेंबाच्या जवळच येतं, बेंटलेनेही तेच लिहिलंय. लहान थेंबांसाठी सिरिंजच्या बारीक सुया वापरायच्या, शंभर थेंब वजन करून एकाचा व्यास काढायचा. अर्ध्या मिमीच्या खाली मैदा भरवशाचा नाही, कारण तिथे गोळी आणि पिठाचा नुसता गठ्ठा यात फरकच करता येत नाही.

२३ जून २०२४

महाबळेश्वर. धुकं, वारा, सतत भुरभुर, मध्येच पाच-दहा मिनिटं जोर आणि परत भुरभुर. परात छत्रीखाली झाकून न्यायची, झाकण काढायचं, दोन-तीन सेकंद, परत झाकायचं. वारा असला की थेंब तिरपे येतात आणि परातीची कड सावली करते, म्हणून भिंतीच्या फार जवळ जायचं नाही.

भुरभुरीच्या ताटात गोळ्याच गोळ्या, बारीक, मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा जास्त. जोराच्या सरीच्या ताटात थोड्या मोठ्या आहेत पण टपोरी म्हणावी अशी एखाद-दुसरीच. पाऊस जोरात आहे तो थेंब मोठे आहेत म्हणून नाही तर थेंबांची संख्या प्रचंड आहे म्हणून. प्रयोगशाळेच्या पेपरात हेच येतं, पश्चिम घाटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला पावसाळ्यात बारीक थेंबांचं राज्य असतं. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला आपटून वर चढते, ढग उथळ असतात, बऱ्याच वेळा त्यांचे माथे शून्य अंशाच्या पातळीपर्यंत (आपल्याकडे पावसाळ्यात साधारण ५ किमी उंचीवर) पोचतच नाहीत. मग बर्फाचे कण वितळून मोठा थेंब होण्याचा रस्ता बंद, जे काही वाढायचं ते थेंबांनी एकमेकांना धडकूनच, आणि उथळ ढगात त्याला वेळ कमी मिळतो.

३० जून २०२४

मामा मोहोळला असतात. त्यांना फोनवर सगळं समजावलं. पहिली प्रतिक्रिया, "अरे मैदा पावसात धरायचा? मामी घरात घेईल का मला?" पण केलं त्यांनी, आणि एकदम नीट. परातीत मैदा, शेजारी स्टीलची पट्टी, फोटो वरून सरळ काढलेला. संध्याकाळी गडगडाट होऊन आलेल्या सरीचा फोटो.

फरक बघायला मोजायचीही गरज नाही. गोळ्या कमी, लांब लांब पडलेल्या, आणि त्यात मोठ्या कितीतरी. मामा म्हणाले, "या पावसानं रान धोपटून निघतं, माती उडते अन् वर पापडी धरते, मग उगवण अडते. तुझ्या त्या उपग्रहाला हे दिसतंय का?" प्रश्न बरोबर आहे. ४ मिमीचा थेंब १ मिमीच्या थेंबापेक्षा ६४ पट जड आणि दुपटीहून जास्त वेगाने येतो, आपटण्याची ऊर्जा तीनशे पटींच्या वर जाते. मातीच्या धुपेचा अंदाज काढताना नुसते मिमी धरले तर मोहोळचं रान आणि घाटातलं रान एकाच मापात जातं. थेंबांचा नकाशा नीट झाला तर त्याचा खरा उपयोग मामांच्या शेतावर आहे.

१४ जुलै २०२४

आता दोन बँडवरून आकार निघतो कसा ते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

केयूची तरंगलांबी २२ मिमी, केएची साधारण ८.४ मिमी. थेंब बारीक असतील तर दोन्ही बँडना ते सारखेच दिसतात. थेंब मोठे व्हायला लागले की केएच्या आखूड लाटेला तो सहाव्या घाताचा नियम लागू होत नाही, तिचं परावर्तन त्या प्रमाणात वाढत नाही आणि केयूच्या मागे पडतं. दोघांमधला हा फरक डेसिबलमध्ये मोजायचा, आणि फरक जितका जास्त तितका थेंब मोठा. कल्पना फारच सुंदर आहे, ४०० किमीवरून, सेकंदाला सात किमीच्या वर पळता पळता, दोन लाटांच्या फरकावरून मिलिमीटरातला थेंब ओळखायचा.

अडचणी दोन. एक म्हणजे पावसातून खाली जाताना लाट झिजते, आणि केए जास्तच झिजते. त्यामुळे तळाशी दिसणारा फरक थेंबांमुळे किती आणि झीजेमुळे किती हे वेगळं करावं लागतं. त्यासाठी जमिनीवरून परत आलेल्या प्रतिध्वनीची मदत घेतात, पाऊस नसलेल्या शेजारच्या जागी जमीन किती चमकते आणि पावसाखाली किती, त्यावरून एकूण झीज. समुद्रावर हे चांगलं जमतं कारण समुद्राचं परावर्तन बऱ्यापैकी ठरलेलं असतं. घाटात एका पिक्सेलला कडा, शेजारी जंगल, पलीकडे कोयनेचं पाणी, तिथे शेजारच्या जागेशी तुलना डळमळीतच.

दुसरी अडचण आपल्या प्रकल्पाच्या मुळावर येते. डीएम साधारण १ मिमीच्या खाली गेला की फरक शून्याच्या आसपास जातो, किंचित उणेही होतो, आणि एकाच फरकाला दोन वेगळे डीएम बसतात. म्हणजे नेमकं जिथे महाबळेश्वरचा पाऊस आहे तिथे ही पद्धत सगळ्यात दुबळी. ही कोंडी सोडवायला अल्गोरिदम पावसाचा जोर आणि डीएम यांच्यातला एक नेहमीचा संबंध धरून चालतो आणि तो एका गुणकाने वर-खाली सरकवून दोन्ही बँड आणि झीज यांच्याशी जास्तीत जास्त जुळवतो. शिवाय थेंबांच्या वाटणीचा (कुठल्या मापाचे किती थेंब, त्याचा) आकार ठरवणारा म्यू हा आकडा सगळ्या जगासाठी ३ धरलेला आहे. उत्तर काढायला काहीतरी धरावं लागतंच, त्यात चूक नाही. फक्त फाइलमध्ये डीएम १.१ असं लिहिलेलं दिसलं तर त्यातलं मोजलेलं किती आणि धरलेलं किती, हे प्रत्येक पिक्सेलला वेगळं आहे, आणि नकाशात रंग भरला की ते दिसेनासं होतं.

मिशनचं उद्दिष्ट डीएम ०.५ मिमीच्या आत अचूक काढणं हे होतं. जगाच्या पातळीवर हे मोठं यश आहे. पण घाटमाथा आणि पठार यांच्यातला फरकही साधारण याच पल्ल्यातला! सहा पावसाळ्यांची सरासरी घेतली की इकडेतिकडे विखुरलेली चूक कमी होते, धरलेल्या गोष्टींमुळे येणारा कल मात्र तसाच राहतो.

२८ जुलै २०२४

परवा २५ तारखेला पुण्यात पूर आला, सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी, आणि ताम्हिणीला २४ तासांत ५०० मिमीच्या वर पाऊस. पुण्यापासून इतक्या जवळ. ऑफिसला सुट्टीच होती, मन लागत नव्हतं, मग दोन दिवस घाटातल्या पिक्सेलांचा तळ काढत बसलो, आणि या सगळ्या प्रकल्पातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट तिथे आहे.

रडारची लाट जमिनीला लागली की एवढा मोठा प्रतिध्वनी येतो की जमिनीलगतचा पाऊस त्यात बुडून जातो. त्याला क्लटर म्हणतात. सरळ खाली बघताना साधारण जमिनीपासून १ किमीपर्यंतचं दिसत नाही, पट्ट्याच्या कडेला लाट तिरपी जाते म्हणून २ किमीपर्यंत. फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलचा शेवटचा स्वच्छ खाना कुठला ते दिलेलं असतं. त्याच्याखाली फाइलमध्ये जे जमिनीलगतचे आकडे भरलेले असतात ते वरून खाली ओढत आणलेले.

आता महाबळेश्वरचं बघा. पठार जवळपास १४०० मीटरवर. त्यावर १ ते २ किमी क्लटर, म्हणजे रडारची नजर समुद्रसपाटीपासून २.४ ते ३.४ किमीवरच संपली. पण त्याच ५ किमीच्या पिक्सेलमध्ये कड्याखालचं सावित्रीचं खोरं असू शकतं आणि क्लटरची पातळी उंच कडाच ठरवणार. पोलादपूरच्या बाजूला उभ्या माणसाच्या डोक्यावर दोन-तीन किमीचा पाऊस रडारला दिसतच नाही, आणि घाटाच्या उथळ ढगांचा कारखाना नेमका त्याच थरात चालतो. वरून आलेला थेंब खालच्या धुक्यातले कण गोळा करत मोठा होतो, शिवाय तिथेच नवे बारीक थेंब तयार होतात. वरचं चित्र खाली ओढून हे कळणार नाही. घाटातला पाऊस अवकाशातल्या रडारला कमी दिसतो ही जुनी तक्रार आहे, तिचं मोठं कारण हे.

मोहोळला मामांच्या शेतावर उलट परिस्थिती. जमीन सपाट, उंची पाचशे मीटरच्याही खाली, ढग ८-१० किमी उंच गेलेले, थेंब मोठे. दोन बँडमधला फरक ठसठशीत, तळ १ किमीवर. रडारला सोपा पेपर.

११ ऑगस्ट २०२४

तुलनेचा हिशोब, थोडक्यात. लेझरवाल्या पार्सिव्हेल डिस्ड्रोमीटरची पट्टी ५४ चौरस सेंमीची. थेंब सेकंदाला ६ मीटरने पडतायत असं धरलं तर एका मिनिटात ते यंत्र जेमतेम २ घनमीटर हवेतले थेंब मोजतं. रडारचा एक नमुना ५ किमी रुंद आणि २५० मीटर जाड, जवळपास ५ घनकिमी. म्हणजे २ घनमीटर विरुद्ध ५ अब्ज घनमीटर, आणि माझी परात तर त्याहून लहान! म्हणून उपग्रहाच्या एका फेरीची एका ताटाशी तुलना करणं अर्थहीन आहे, ताटाने फक्त थेंबांचा स्वभाव कळतो. तुलना करायची ती पूर्ण मोसमाच्या वाटणीची वाटणीशी.

आणखी एक. ५ किमीच्या पिक्सेलमध्ये अर्ध्यात सर आणि अर्ध्यात कोरडं असेल तर दोन्ही बँडची झीज सरासरीत गडबडते आणि डीएम सरकतो. मोहोळच्या तुटक सरींमध्ये हे जास्त होणार. त्यामुळे तिथला पेपर सोपा म्हटलं तरी अगदीच सोपा नाही.

२५ ऑगस्ट २०२४

पहिले नकाशे झाले. दोन केले.

पहिला नेहमीसारखा, सगळे पावसाचे पिक्सेल, जमिनीलगतचा डीएम. दिसतं ते अपेक्षेप्रमाणे, घाटमाथ्यावर लहान, पूर्वेला जावं तसं मोठं होत जातं. फक्त हाच नकाशा टाकला असता तर सगळे खूश झाले असते.

दुसऱ्यात प्रत्येक पिक्सेलला तीन प्रश्न विचारले. शेवटचा स्वच्छ खाना जमिनीपासून किती वर आहे? पाऊस उथळ प्रकारचा आहे का (फाइलमध्ये त्याची खूण असते)? आणि दोन बँडमधला फरक असा आहे का की ज्याला एकच डीएम बसतो? तिन्हीत पास झालेले पिक्सेल रंगात, बाकीचे करड्या रंगात. पूर्वेकडचा बराच भाग रंगात राहिला. घाटाची रांग उत्तर-दक्षिण सलग करडी झाली, नुसती रेघ ओढावी तशी. समुद्रावर रंग परत येतो.

मला हा दुसरा नकाशा जास्त खरा वाटतो आणि प्रकल्पाचं मुख्य पान तोच राहणार. करडा भाग म्हणजे डेटा खराब असं मी म्हणत नाहीये, उपग्रह त्याचं काम चोखच करतोय. करड्या भागात आकडा मुख्यतः धरलेल्या संबंधातून आलाय एवढंच, आणि तिथे थेंबांचं माप पाहिजे असेल तर जमिनीवर डिस्ड्रोमीटर बसवायला हवेत. एक महाबळेश्वरला आहे म्हणून आपल्याला इतकं तरी कळतंय. ताम्हिणी, आंबोली, कोयना अशा ठिकाणी घाटाच्या दोन्ही उतारांवर अशी यंत्रं हवीत असं मला मनापासून वाटतं. जिथे सगळ्यात जास्त पाणी पडतं, धरणं भरतात, दरडी कोसळतात, तिथेच आपण वरून सगळ्यात कमी बघू शकतो.

८ सप्टेंबर २०२४

मामांना दुसरा नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, मोहोळ रंगात आहे हे बघून खूश झाले. त्यांचा पुढचा प्रश्न, "वळवाच्या अन् परतीच्या पावसाचं वेगळं काढता येईल का?" येईल, आणि काढायलाच पाहिजे. आंध्रातल्या गदंकीच्या मोजमापांत नैऋत्य मोसमी पावसातले थेंब ईशान्य मोसमीपेक्षा मोठे निघालेत, म्हणजे एकाच जागी हंगामाप्रमाणे थेंब बदलतात. सोलापूर भागासाठी मे, जून ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे तीन गठ्ठे करतो. तिथे तिन्ही प्रश्नांत पास होणारे पिक्सेल भरपूर आहेत त्यामुळे उत्तर भरवशाचं येईल.

घाटासाठी अर्थकेअरच्या डेटाकडे लक्ष ठेवतोय. युरोप आणि जपानचा हा उपग्रह यंदा २८ मेला सुटला, त्याचं रडार ९४ गिगाहर्ट्झचं आणि डॉप्लर, म्हणजे थेंब वर-खाली किती वेगाने जातायत ते सरळ मोजणारं. वेग कळला की आकाराकडे जायला एक वेगळी वाट मिळते, दोन बँडच्या फरकावर अवलंबून राहावं लागत नाही. जोराच्या पावसात ९४ गिगाहर्ट्झची लाट फार लवकर झिजते त्यामुळे मुसळधारेत उपयोग नाही, पण घाटातल्या भुरभुरीला जमू शकेल. जमिनीचा क्लटर तिथेही असणार, तो किती उंचीपर्यंत येतो ते फाइल आल्या की पहिल्यांदा तपासायचं.

या आठवड्याचं काम: मे महिन्याच्या फाइल उतरवणं, करडा-रंगीत वेगळं करणारा कोड नीट टिपा लिहून सगळ्यांसाठी खुला करणं, आणि मामांना अजून दोन किलो मैदा पाठवणं.